दाजींची पाणीपाळी

निवृत्त झालेली माणसं एकतर पैसे खर्च करतात, नाहीतर राखून ठेवतात. आमचे दाजी यातलं काहीच करत नाहीत. ते पैसे सोडतात. धरणातून पाणी सोडावं तसे, दार किती उचलायचं आणि केव्हा खाली टाकायचं हे आधी ठरवून. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. सगळी नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात, पैठणच्या धरणाच्या डाव्या कालव्यावर काढली. कालवा निरीक्षक म्हणून फटफटीवरून काठाकाठानं फिरायचं, कोणाच्या शेताच्या चारीला केव्हा पाणी द्यायचं ते पाहायचं, चोरून दार उघडणाऱ्यांशी भांडायचं आणि पाळी मोडू द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल-नारळ दिला आणि कालवा काढून घेतला. दाजींनी तो डोक्यात घालून घरी आणला. तेव्हापासून शहराच्या कडेला पडेगावच्या त्यांच्या लहानशा घरात पाण्याच्या जागी पैसा वाहतो आहे.

फंडाची रक्कम हाती आली तेव्हा त्यांनी तिचे सरळ दोन भाग केले. धरणात दाराच्या पातळीखाली जे पाणी राहतं, जे कालव्यात येऊच शकत नाही, त्याला त्यांच्या खात्यात मृतसाठा म्हणतात. तळाची ठेव हा मृतसाठा; तिला हात लावायचा नाही. वरचा तो उपयुक्त साठा. दरमहा येणारी पेन्शन ही नदीची आवक. हे सगळं त्यांच्या दृष्टीनं इतकं उघड होतं की बँकेत गेल्यावर खिडकीपलीकडच्या मुलीला त्यांनी बिनदिक्कत विचारलं, "बाई, माझा मृतसाठा किती झालाय तेवढं बघा बरं." ती बिचारी चटकन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, बसा ना तुम्ही. कोण गेलं घरातलं?" दाजींना पाणी आणून दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला, वारसाचा अर्ज शोधायला माणूस धावला. दाजी घरी येऊन म्हणाले, "बँक चांगली हाय. लई आपुलकीनं वागतेत."

कंजूष म्हणाल तर दाजी कंजूष नाहीत, हे मी त्यांचा मेहुणा असूनही शपथेवर सांगेन. प्रश्न पैशाचा नसतोच, पाळीचा असतो. नान खलिया, म्हणजे तंदुरी नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, हा त्यांचा जीव की प्राण. शहरात कुठल्या देगचीत तो कधी मुरतो हे त्यांना वासावरून कळतं. पण महिन्यातून एकदाच. ती झाली की दार बंद. एकदा खात्यातल्या त्यांच्या जुन्या जोडीदाराच्या मुलाचं लग्न होतं. आम्ही दोघं गेलो. दस्तरखानावर वाफाळता खलिया आला आणि दाजींनी ताटावर आडवा हात धरला. त्या महिन्याचा खलिया चार दिवसांपूर्वीच होऊन गेला होता. जोडीदार कासावीस झाला. "अरे मियाँ, घर की शादी है, पैसे कौन मांगरा तुमकू?" दाजी म्हणाले, "पैशाचा सवाल नाय भाऊ. पाळी झाली माझी. फुकट हाय म्हणून दार उघडं ठिवायचं का?" शेवटी त्यांनी नुसता नान कांद्याशी खाल्ला. माझ्या ताटाकडे मात्र ते इतक्या प्रेमानं बघत होते की मी ते जरा आडोशाला घेतलं, आणि तरीही खलिया दुसऱ्यांदा वाढून घेतला.

एसीचं तेच. पुण्याच्या मुलानं हट्टानं बसवून दिला. दाजींनी एसीला उन्हाळी आवर्तन जाहीर केलं, म्हणजे ठरलेल्या हंगामात ठरलेल्या वेळी सोडायचं पाणी. दुपारी जेवणानंतर एक तास. त्या तासाच्या आधी शेजारीपाजारी, घरकामाच्या बाई, पत्र द्यायला आलेला पोस्टमन, जो कोणी हाताशी असेल त्याला खोलीत घ्यायचं, कारण एवढा गारवा दोघांनाच देणं म्हणजे नासाडी. मग दाराच्या फटीत ओली चादर खुपसायची, खिडकीला उशा लावायच्या आणि "गळती नाय ना कुठं?" असं विचारत भिंतीवरून हात फिरवायचा. इतकी माणसं कोंबल्यावर त्या खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं, हे त्यांना सांगायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही. आक्का तो तासभर बाहेर, कडुलिंबाखाली बसते.

एकदा मी विचारलंच, "दाजी, भरपूर आहे की तुमच्याकडे. एवढा जीव का आवळता?" मग त्यांनी टेलची गोष्ट सांगितली. कालव्याचं शेवटचं टोक म्हणजे टेल. वरचे लोक मनमानी पाणी ओढतात आणि टेलची शेतं कोरडी राहतात. एका वर्षी दाजी नवे असताना असंच झालं. टेलच्या गावी जाताना त्यांना वाटलं होतं, लोक शिव्या देतील, धरून बसवतील. तसं काही झालं नाही. एक म्हातारी बाई वाळलेला गहू मुठीत घेऊन आली, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि काही न बोलता निघून गेली. "शिव्या दिल्या असत्या तर इसरून गेलो असतो, मेव्हणे," दाजी म्हणाले. "माझे वडील नव्वदीच्या पल्याड जगले. आमचं टेल तिथं हाय. तिथपत्तर पाणी पोचलं पायजे. त्या वयात पोरांच्या दारात उभं ऱ्हायचं नाय, आन् तुमच्या बहिणीला तर नायच नाय." त्यानंतर मी त्यांच्या चादरीला आणि उशांना हसायचं जरा कमी केलं.

पण या सगळ्या काटेकोर वाटपात एक मागणी वर्षानुवर्षं पडून होती. आक्काला बर्फ पाहायचा होता. आम्ही मूळचे पाचोडचे. लहानपणी एकदा भर हंगामात गारपीट झाली. आक्का परकराच्या ओच्यात गारा गोळा करून कुडुमकुडुम खात घरात आली, आणि पाहते तर ओसरीवर आमचे वडील आडव्या पडलेल्या गव्हाकडे बघत रडत होते. तिच्या तोंडात गार होती, ती तिला ना गिळवेना ना थुंकवेना. तेव्हापासून ती म्हणायची, "कुणाचं पीक न बुडवणारा बर्फ बघायचाय मला. काश्मीरला म्हणं नुसताच पडून ऱ्हातो, कुणाचं काय नुकसान न करता." निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी तिनं हे बोलून दाखवलं. दाजींनी मनापासून मान हलवली आणि म्हणाले, "औंदा आवक कमी हाय. पुढल्या साली." पुढल्या साली घराला रंग द्यायचं निघालं. त्याच्या पुढल्या साली मुलीचं बाळंतपण. दाजी नाही कधीच म्हणाले नाहीत. ते नेहमी पुढचं वर्ष म्हणायचे, आणि आक्का नेहमी "बरं" म्हणायची.

मग तिचे गुडघे बिघडले. आधी जिना सुटला, मग मंडईपर्यंत चालणं सुटलं. मी दोघांना गाडीतून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, उजवा बदलावा लागेल, डावाही फार दिवस थांबणार नाही. खर्चाचा आकडा ऐकून मीच दचकलो. दाजींनी पापणीही हलवली नाही. "करून टाका. मृतसाठ्यातनं घेऊ. त्यासाठीच ठिवलाय तो." डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले, मी म्हटलं, त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, पैसे आहेत.

परतताना गाडीनं छावणीचा भाग ओलांडला आणि मागच्या सीटवरून आक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली, "गुडघा बदलायला पैसे हायेत. गुडघे धड होते तवा हिंडायला नव्हते." थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "तुम्ही टेलला पाणी न्या. माझं काय म्हणणं नाय. पर तिथं पोचेपत्तर मधल्या शेतात काय उगवायचंच नाय का?" मला आरशात बघायचा धीर झाला नाही.

त्या महिन्याचा खलिया दाजींनी खाल्ला नाही. पाळी आली आणि गेली. एसीच्या तासाला शेजारी येऊन दारातून परत गेले. मग एके दिवशी सकाळीच ते माझ्या घरी आले, चहाला नको म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. "मेव्हणे, माझं वाटपच चुकलं. दुष्काळात शेतीचं पाणी थांबवता येतं. पिण्याचं नाय थांबवता येत. ते आधी काढून ठिवायचं असतं. तुमच्या बहिणीचा बर्फ म्या शेतीत धरला. तो पिण्यात धरायला पायजे होता." एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या हिशेबातली चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली. ऑपरेशनच्या आधी काश्मीरला जायचं ठरलं. आक्काचाच हट्ट होता, आधी बर्फ, मग गुडघा. नव्या गुडघ्याचं काय होईल ते कोणी सांगावं, असं तिचं म्हणणं. सोबतीला म्हणून मी आणि माझी बायको निघालो.

सोनमर्गला पोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं आणि बर्फ दूर, वर डोंगराच्या अंगावर. खालचा सगळा वितळून गेला होता. वर जायला घोडी होती. आक्कानं पुष्कळ प्रयत्न केला. दोन घोडेवाले, मी आणि दाजी अशा चौघांनी मिळून तिला उचलायचं ठरवलं; पण गुडघा वाकेना आणि तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की घोडंसुद्धा बाजूला सरकलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दिसतोय की इथनं." चहाच्या टपरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ती बसली, शाल घट्ट ओढून घेतली आणि कपाळावर आडवा हात धरून वर पाहू लागली. एवढा लांबचा प्रवास करून आम्ही तिला पडेगावातून दौलताबादचा किल्ला दिसतो तेवढ्याच अंतरावरून बर्फ दाखवत होतो.

दाजींनी पिशवीतून आमचा चिवड्याचा डबा काढला, चिवडा माझ्या बायकोच्या हातरुमालात ओतला आणि घोडेवाल्याकडे गेले. भाव विचारला नाही. सत्तरीला टेकलेले दाजी, ज्यांना आयुष्यात बैलापलीकडचं जनावर ठाऊक नव्हतं, ते घोड्याच्या मानेला मिठी मारून वर निघाले. पुष्कळ वेळ गेला. परत येताना दिसले तेव्हा माझी बायको हसू लागली आणि मग थांबली. अंगाच्या उबेनं वितळू नये म्हणून दाजींनी डबा एका हातात, जेवढा लांब धरता येईल तेवढा लांब धरला होता. घोडेवाल्यानं खालून त्यांची कंबर पकडली होती. घोडं डुलत होतं, पण डबा तसाच आडवा होता.

झाकण उघडलं. पाण्यात तरंगत मूठभर बर्फ उरला होता. आक्कानं तो तळहातावर घेतला, बोटानं दाबून पाहिला आणि तोंडात टाकला. "गारेसारखा टोचत नाय," ती म्हणाली. "मऊ हाय." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

दाजी तिच्या खुर्चीपाशी गवतावर बसले. पायमोजे भिजून चिंब झाले होते. त्यांनी तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लई उशीर केला म्या," ते म्हणाले. कालवा नाही, धरण नाही, एवढंच.

आक्कानं उरलेला बर्फ बोटांनी गोळा केला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. संसाराच्या इतक्या वर्षांत चारचौघांत तिनं त्यांना कधी घास भरवला नव्हता. "खावा आता," ती म्हणाली, "नायतर ह्योबी जायचा." दाजींनी लहान मुलासारखं तोंड उघडलं. मेहुण्याच्या नात्यानं अशा वेळी काहीतरी चेष्टा करायची असते. मी टपरीवाल्याला चार चहा सांगितले आणि तो आणून देईपर्यंत तिकडेच तोंड करून उभा राहिलो.