रेडिओतली हवेली

नवऱ्याने नेरहून जुनी मोटरसायकल आणली, हँडलवर रेडिओ बसवलेली. आवाज खणखणीत होता, पण फोनची वायर लावायला त्यात सोयच नव्हती. मला ती हवीच होती. भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि माझ्या फोनमध्ये याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, आवाजातली हवेली होती.

आमच्या बंजारा तांड्यात नवरी सासरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहून निरोपाचं गाणं म्हणते, तीच हवेली. माहेर भरलेलं राहो, एवढंच त्यात मागणं. भाचीला ती अर्धीमुर्धीच येत होती आणि याडीला आता दम लागतो. वर नवरदेवाकडून निरोप आला, असलं जुनाट रडगाणं नको, बैल तर नकोच, आमचा डीजे आहे. माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या माहेराला आशीर्वाद द्यायला परवानगी घ्यायची?

मी रेडिओ ओट्यावर खोलून बसले.

"काहून खोलून राह्यली? बिघडीन ना तो," नवरा म्हणाला.

"बिघडू द्या."

स्टेशनचा आवाज ज्या तारांमधून येतो त्या मी कापल्या आणि तिथे फोनच्या पिनेची वायर डाग देऊन जोडली. मधे बटण बसवायचं सुचलंच नाही. रेडिओची स्टेशनं कायमची बंद पडली. नवरा हळहळला, मला काडीचं वाईट वाटलं नाही.

लग्नाच्या दिवशी पाठवणीला डीजे दणाणू लागला तशी मी गाडी मांडवापाशी नेली. भाची सजवलेल्या कारपाशी उभी होती.

"बस मांगं," मी म्हटलं.

नवरदेवाचा काका आडवा आला. "हे काय नवीन काढलं?"

"नवीन नाई, जुनंच हाय. शिवेपर्यंत माह्या मांगं बसते, मंग न्या तुमी."

भाचीने पदर खोचला आणि बसली.

तांडा मागे पडला, डीजेही. रेडिओत लावलेला याडीचा आवाज मोकळा झाला. मी गाडी अगदी हळू चालवत होते. भाचीने माझे खांदे धरले आणि फूटरेस्टवर उभी राहून म्हणायला लागली. अडली की रेडिओ ऐकायची, पुन्हा सुरू व्हायची. मला भरून आलं, आणि रागही तसाच होता. मागून नवरदेवाची कार सारखी हॉर्न वाजवत होती. शिवेपर्यंत मी साइड दिली नाही.