मनामाच्या नळाला आलेलं गार पाणी

या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते, हे आधीच सांगून टाकते. पिंपळाखालची बाई, मागून येणारी हाक, उलटे पाय... वाचते, हसते आणि कुकर लावायला उठते. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आणि बरीच वर्षं शाळेत शास्त्र शिकवलेली बाई. "बाई, भूत असतं का हो?" असं पोरांनी विचारलं की मी म्हणायची, "गृहपाठ असतो, तो दाखव आधी."

मग हे लिहायला का बसले? कारण त्या दुपारी माझ्याबरोबर जी दुसरी मोठी बाई होती, माझी शेजारीण फिलू, ती आता राहिली नाही. माझी मुलगी मीनू तेव्हा सहा वर्षांची होती, तिला फक्त गार पाणी आठवतं. म्हणजे त्या दुपारचं सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी एकटीच उरले. आणि माझ्या विस्मरणाला आता सुरुवात झाली आहे, म्हणून घाई.

एक्याऐंशी सालचा ऑगस्ट. आम्ही बहरीनला, मनामात राहायचो. बाब अल बहरीन नावाच्या वेशीमागे कापडाची दुकानं जिथे संपतात तिथे एक तीन मजली इमारत होती, तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर थेट गच्ची आणि गच्चीवर पाण्याची टाकी, दिवसभर उन्हात शेकत पडलेली. तिथे उन्हाळ्यात उलटी रीत असते. 'थंड' नळाचं पाणी टाकीतून येतं, त्यात चहाची पत्ती टाकली तर चहा होईल. म्हणून सगळे गीझर बंद ठेवतात आणि त्यात घराच्या सावलीत साठलेलं पाणी थंड म्हणून वापरतात. शिवाय नळाचं पाणी मचूळ, खारट. साबणाला फेस नाही. प्यायचं गोडं पाणी वेगळं, कॅनमधून विकत.

त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मी कजाग होते, नाही म्हणत नाही. नळ ठिबकत राहिला म्हणून नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरलेला आहे मी. त्यांना नळ घट्ट बंद करायची सवयच नव्हती.

आता ह्यांच्याबद्दल. आमचे हे, वसंत, सित्राच्या कारखान्यात इंजिनिअर. माणूस नाशिकचा, वेड डोंगरांचं, आणि नोकरी कुठे, तर पोळपाटासारख्या सपाट बेटावर! बहरीनमधला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे जबल दुखान. आमच्या पांडवलेण्यांच्या डोंगराने त्याला धाकटा भाऊ म्हणावं, एवढाच. तरी दर शुक्रवारी हे सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून तो चढायचे. इतर दिवशी संध्याकाळी तीच सॅक घेऊन इमारतीचे जिने. खालचा नातूर, म्हणजे राखणदार, सुरुवातीला विचारायचा, "साब, रोज रोज चावल ऊपर ले जाता, फिर नीचे क्यों लाता?" पुढे त्यानेही नाद सोडला.

हे सगळं चाललं होतं काश्मीरसाठी. सोनमर्गच्या वर चढून गेलं की तळ्यांची एक रांगच लागते... विशनसर, किशनसर, गडसर, आणि उतरता उतरता गंगाबल. वाट म्हणजे मेंढपाळांची पायवाट, अधूनमधून तीही नाही. खिंड चढायची, पलीकडे उतरलं की तळं. पुन्हा खिंड, पुन्हा तळं. ह्यांनी ही वाट बोटाने जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा काढली होती की मीठ कुठे ठेवलंय त्यावरून मी सांगू शकले असते, हे विशनसर. "पाणी असं गार सुमन, की हात घातला तर हात आहे की नाही कळत नाही," असं हे म्हणायचे. बालमित्र बापू एकदा तिथे जाऊन आला होता, त्याच्याकडून ऐकलेलं.

रजा मंजूर झाली. मी आणि मीनू नाशिकला राहणार, हे बापूबरोबर वर जाणार, असं ठरलं. आणि निघायच्या तोंडावर मीनूला कांजिण्या आल्या. विमानात कोण घेणार? हे म्हणाले, "रद्द करतो." मीच म्हटलं, "तुम्ही जा. बापूने घोडेवाला ठरवलाय, तंबू घेतलाय. इथे फिलू आहे."

फिलू म्हणजे फिलोमिना, समोरच्या फ्लॅटमधली. वसईची, हॉस्पिटलात नर्स. तिला लहानपणीच कांजिण्या होऊन गेल्या होत्या, त्यामुळे ती बिनधास्त येऊन मीनूच्या अंगाला कॅलमाइन लावून जायची.

तो बुधवार होता. फिलूची सुट्टी बुधवारी असायची म्हणून पक्कं लक्षात आहे. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मीनू खाजेने रडवेली झालेली, "मम्मी, इट्स इचिंग, डू समथिंग!" गीझरमधलं पाणी सकाळीच संपलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले. नळाचं गरम पाणी पातेल्यात काढून एसीपुढे ठेवावं, निवलं की अंग पुसावं, एवढाच विचार. नळ सोडला आणि हात भाजू नये म्हणून मागे घेतला. पण एक थेंब मनगटावर उडाला, आणि तो गार होता.

मी बोट लावलं. मग हात धरला. बर्फ हो, बर्फ! फ्रिजमधल्या बाटलीचा गारवा वेगळा. हा हाडापर्यंत जाणारा. तोंडात घेतलं तर खारट नाही, मचूळ नाही, चवच नाही... म्हणजे गोडं. साबण लावून पाहिला तर इतका फेस आला की धुऊन जाईना. केमिस्ट्रीवालीला यापुढे काय पुरावा हवा? पाणी मृदू होतं. आमच्या टाकीतलं नव्हतंच ते.

मीनूला मी सिंकपाशी स्टुलावर उभं केलं आणि अंगावर पाणी घातलं. ती दचकली आणि मग हसली. "मम्मी, इट्स सो कोल्ड!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली होती ती. तिला टॉवेलात गुंडाळून फिलूला हाक मारली.

फिलूने हात लावला आणि झटकन काढला. "जेजू! बर्फ टाकला काय गो कोणी टाकीत?" ती तशीच गच्चीवर पळाली. खाली आली ती हात फुंकत. "टाकी तापलीय तव्यासारखी. माझ्या घरातला नळ पण बघितला, कढत आहे."

मी नळाखाली उजवा हात धरून उभी होते. का, ते सांगता येत नाही. भीती वाटली का, असं लोक विचारतात. मला काहीच वाटत नव्हतं. हात आधी दुखला, मग दुखायचा थांबला, मग तो असल्याचंच कळेना. तसंच हळूहळू माझ्या आतही झालं. फक्त एक वाक्य डोक्यात होतं... 'हात आहे की नाही कळत नाही.' ते वाक्य कोणाचं, हे मला ठाऊक होतं. पाणी कुठलं, हेही मला तिथेच, त्या क्षणी कळलं होतं. आणि हे त्या पाण्यात आहेत, हेसुद्धा.

"सुमन, बंद कर गो," फिलू म्हणाली. "टाकी रिकामी होईल. संध्याकाळी बोंबलत बसू." मी हलले नाही. तिने नळाकडे हात नेला, तेव्हा मी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. इतकं जोरात की पुढे तिथे वळ उमटला होता.

"नाही," मी म्हटलं. "बंद नाही करायचा."

एका थेंबासाठी घर डोक्यावर घेणारी बाई मी! फिलूने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या शेजारी उभी राहिली. पाणी वाहत राहिलं. मग एकदम धार अडखळली, नळ खोकला, आणि कढत पाणी आलं. खारट. फिलूने माझा हात ओढून बाहेर काढला, कारण मला भाजतंय हेही कळत नव्हतं. हात पांढराफटक पडला होता. थोड्या वेळाने असरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, बांग झाली. ते पाणी बाटलीत भरून ठेवावं, हे मात्र सुचलं नाही. बी.एस्सी. घाला चुलीत!

पुढचे दिवस मी स्वयंपाक केला, मीनूच्या खपल्या बघितल्या. रडले नाही. फिलू रात्री आमच्याकडे झोपायला यायची आणि विषय काढायची नाही.

मग तार आली, श्रीनगरहून. "वसंत सेफ. डोन्ट वरी. बापू."

आता आखातात तार वाचायची एक पद्धत होती. तिथे वाईट बातमी कोणी सरळ कळवत नसे, एकटा माणूस परक्या देशात कोसळेल म्हणून. 'मदर सिरियस' म्हणजे आई गेली. 'फादर नॉट वेल, स्टार्ट इमिजिएटली' म्हणजे दहनाला थांबलेत. मग कोणी विचारलं नसताना 'सेफ' म्हणजे काय? ह्यांच्या ऑफिसातले दोघे आले. चपला दाराबाहेर काढून, आवाज उतरवून बसले. "वहिनी, काळजीचं काही नाही... पण पासपोर्ट आपला वर काढून ठेवा. तिकिटाचं आम्ही बघतो." फिलू आत वरणभात करत होती. आपल्या घरचं जेवण दुसऱ्याने करायची, म्हणजे सुतकाची वेळ आली, हे मला दिसत होतं. मी विचार करत होते की मटकी भिजत घालावी का. खरंच, तेवढंच.

दोन दिवसांनी खालच्या कोल्ड स्टोअरमधला मुलगा जिने चढून आला. कोल्ड स्टोअर म्हणजे तिकडे किराणा दुकान, इमारतीत फोन तेवढाच. "दीदी, इंडिया का फोन!" मी खाली गेले. खरखर, आणि मग ह्यांचा आवाज. "सुमन? मी दिल्लीहून बोलतोय. बरा आहे. तळ्यात पडलो होतो जरा. अगं, ऐकतेस ना?"

मी म्हटलं, "कधी येताय?" तारीख ऐकली आणि फोन ठेवला. वर आले, ऑफिसच्या माणसांना निरोप धाडला आणि मटकी भिजत घातली.

हे आले तेही दुपारीच. वाळलेले, नाक सोललेलं. मीनूला कडेवर घेतलं, सॅक कोपऱ्यात टाकली आणि हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. महिनाभर बाहेर राहून ऑगस्टचा नियम विसरले होते. मी ओरडले, "अहो, तो नको, भाजेल!"

ह्यांनी हात काढला नाही. कढत धारेखाली हात धरून उभे राहिले. मग ओंजळीतून थोडं तोंडात घेतलं. आणि तिथेच, फरशीवर, खाली बसले.

"सुमन, हेच पाणी."

मी नळाचा न सुद्धा काढला नव्हता तोवर. फिलू तर ड्युटीवर होती.

मग हे सांगत गेले. गडसरच्या वरच्या अंगाने वाट जाते. एका बाजूला घसाऱ्याचा उतार, खाली तळं, त्यात बर्फाचे तुकडे तरंगतात. वाटेत जुन्या बर्फाचा एक पट्टा आडवा आला. घोडेवाला म्हणाला होता, "साब, ऊपर से घूम के आओ." बापू वरून गेला.

"आणि तुम्ही सरळ गेलात."

"सरळ गेलो. पट्टा तुटला. सॅकसकट आत. पहिल्यांदा असं गार लागलं, अंगात सुऱ्या शिरल्यासारखं. सॅकचे पट्टे सुटेनात. वर बघितलं तर वर बर्फाचा तुकडा. म्हटलं, संपलं. आणि मग... पाणी गरम झालं. अगं कढत, आपल्या नळासारखं! तोंडात गेलं तर खारट. मला वाटलं, मी घरी आहे आणि तू ओरडणार, नळ का चालू ठेवला म्हणून. बोटं चालायला लागली, पट्टे सुटले. बापू म्हणतो, मी फार वेळ दिसलोच नाही. त्यांनी आशा सोडली होती. मग काठाशी वर आलो, सॅकही मागाहून तरंगत आली. मला ओढलं तर अंग तापलेलं होतं, ताप असतो तसं."

"वार कुठला?"

"बुधवार. उन्हं कलली होती." काश्मीरची कलती उन्हं म्हणजे बहरीनची दुपार, भारताचं घड्याळ अडीच तास पुढे.

तेव्हा मी माझं सांगितलं. मीनूला पोटाशी घेऊन हे ऐकत होते. माझं सांगून झाल्यावर मला रडू आलं, आणि आलं ते थांबेना. इतक्या दिवसांचं.

सॅकच्या पट्ट्यांवर मिठाचे पांढरे डाग होते. घामाचेही असे डाग पडतात, मला माहीत आहे. गारठून मरायला टेकलेल्या माणसाला उकडल्याचा भास होतो, हेही मी वाचलेलं आहे. बापूचे स्वतःचेच हात गारठलेले, त्याला कोणाचंही अंग तापलेलं वाटेल. एकेका गोष्टीला उत्तर आहे माझ्याकडे, शास्त्राची बाई आहे मी. पण माझ्या नळाला काय आलं होतं? मीनूच्या अंगावर मी काय ओतलं? नातूर म्हणाला, नवी लाईन जोडली असेल. शेजारच्या घराला सोडून? आणि फिलूने तो नळ बंद केला असता तर... हा विचार मी आजही पुरा करत नाही.

त्या दिवसापासून माझ्या उजव्या हाताला गार-गरम कळत नाही. दोन डॉक्टरांनी टाचण्या टोचून पाहिलं, एकाने गोळ्या दिल्या. काही फरक नाही.

आता आम्ही नाशिकलाच असतो. हे पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. माझ्या आंघोळीचं पाणी रोज आधी स्वतः हात घालून बघतात. मी म्हणते, डावा हात आहे की मला. तरी येतात. बघतात आणि म्हणतात, "बरोबर आहे, ये." पण नळ तसाच वाहता ठेवून बाहेर येतात. तो बंद करायचा मी.