मी सासूबाईंना गच्चीवर चढवलं

माझ्या सासूबाईंचं मनगट मोडलं ते सपाट अंगणात. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, वानरं आली, सासूबाईंनी खालूनच हातवारे करून त्यांना हाकललं, वळल्या आणि पडल्या. एवढंच. यात सांगण्यासारखं काही नाही.

पण मी सांगणारी बाई आहे. हळदीकुंकू असो की बारसं, मी बसले की चार बायका सरकून जवळ येतात. पहिल्यांदा सांगताना मी सासूबाईंना शिडीच्या पहिल्या पायरीवर उभं केलं. बायका हसल्या. पुढच्या लग्नात त्या पाचव्या पायरीवर होत्या, हातात लाटणं. वर्षभरात गच्चीच्या कठड्यावर पोचल्या. समोर सगळ्यात मोठा वानर, त्याच्या गळ्यात कुरडयांची माळ. त्यानं दात विचकले, सासूबाईंनीही जे उरलेत ते विचकले, आणि मग मी अशी धाडकन जमिनीवर बसायची की पोरं किंचाळायची. सासूबाई स्वतः डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसायच्या. कुणी विचारलं, "आत्याबाई, खरंच का?" तर म्हणायच्या, "मंग! लई मोठं होतं."

गेल्या वर्षी राजूरला हाडांच्या तपासणीचं शिबिर झालं. टाच यंत्रात ठेवायची, डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि दोन्ही मिळून पुढे हाड मोडायचा धोका किती ते त्या सांगणार. वय, वजन, आईचा खुबा मोडला होता का, दम्याच्या गोळ्या चालू आहेत का. मग, "पन्नाशीनंतर एखादं हाड मोडलं?"

"मनगट."

"कसं?"

"हिला इचारा. ही बराबर सांगते."

मागे बायकांची ही लांब रांग. मला आणखी काय हवं होतं! सांगितलं. कठड्यासकट, माळेसकट. रांगेचा घोळका झाला. डॉक्टरीणबाई हसून हसून लाल झाल्या. मग पेन उचलत म्हणाल्या, "इतक्या उंचावरून पडल्यावर कुणाचंही मोडेल, हे धरायचं नसतं. उभ्या जागी पडून मोडलं असतं तर मात्र लगेच पुढची तपासणी आणि औषध सुरू करा म्हटलं असतं." आणि त्यांनी लिहिलं: गच्चीवरून पडून.

एक वाक्य बोलायचं होतं. बाई, अंगणात पडल्या होत्या. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "काकू, पुन्हा सांगा की, इकडं ऐकू न्हाई आलं!"

आणि मी वळले. पुन्हा सांगितलं.

कागदावर 'धोका कमी' आलं. रिक्षात सासूबाई खुशीत होत्या. "बघ, माझी हाडं लोखंडाची हायेत!" उद्या फोन करून खरं सांगू, असं मी ठरवलं. तो उद्या पाच महिने लांबला.

पाच महिन्यांनी एका दुपारी त्या पाणी प्यायला पलंगावरून उठल्या, दोन पावलं टाकली आणि पडल्या. खुबा मोडला.

जालन्याला ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी शिबिराचा कागद पाहिला. "मनगट गच्चीवरून पडून मोडलं होतं ना?"

मी तोंड उघडलं. कुठलीही गोष्ट कुठूनही सुरू करणारी मी, मला सुरुवात सापडेना.

"न्हाई साहेब," सासूबाई पडल्या जागेवरून म्हणाल्या. "अंगणात पडल्ते. वानर आल्तं, पण ते वर होतं."

"मग शिबिरात गच्ची कुणी सांगितली?"

"मीच. नुसती पडले म्हणायची लाज वाटली."

डॉक्टर रागावले. तुम्ही असं लपवता आणि मग आम्ही काय करायचं? आधी कळलं असतं तर औषध तरी सुरू झालं असतं. त्या दुखण्यानं ओठ आवळून मान हलवत होत्या. "चुकलं साहेब. बिलकुल चुकलं." मी पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखी हात घालून उभी होते. पिशवीत फक्त टॉवेल होता.

डॉक्टर गेल्यावर म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही कशाला बोलणं खाल्लं?"

"तुला रोज त्यांच्यापुढं उभं ऱ्हायचंय. मी काय, पडूनच हाय."

त्यानंतर डॉक्टर रोज सकाळी यायचे. त्यांना सांगायला मला रोज वेळ होता. आम्ही बारा दिवस तिथं होतो.