तोडलेल्या वायरींचा काटा

आधीच सांगून टाकतो. इथे लोक आपले अनुभव लिहितात, ते मी जेवण झाल्यावर वाचतो आणि निम्म्यांना हसतो. पिंपळाखालची बाई, पाठीमागून येणारे पैंजण... हे आमच्या कोकणात शेंबड्या पोरालाही सांगता येतं. मी रत्नागिरीत जीप-रिक्षांच्या वायरिंगची कामं करतो. आमच्या धंद्यात ‘आपोआप’ काही होत नाही. दिवा लागला तर कुठून तरी करंट आलेला असतो, आणि नाही लागला तर कुठेतरी वायर तुटलेली असते. बस. एवढ्यावर माझं आयुष्य गेलं.

तरी हे लिहितोय, कारण इथे कोणी बोटीच्या कामातला असेल तर त्याने मला समजावून सांगावं.

साल २००३. माझ्या थोरल्या बहिणीचं सासर काजळीच्या खाडीकाठी, भाट्यापासून, म्हणजे खाडीच्या मुखापासून, बरंच आत. गावाचं नाव देत नाही, ताईला आवडायचं नाही. भाऊजी जहाजावरची नोकरी संपवून घरी आले होते आणि घरी बसून कंटाळले होते. त्यांनी गोव्याहून एक जुनी फायबरची बोट आणली, पाठीला पेट्रोलचं इंजिन लटकवलेली. पर्यटकांना खाडीतून फिरवायचं असा बेत. बोट पावसाळाभर माडाच्या झापांखाली झाकून ठेवली आणि नारळी पौर्णिमेनंतर मला निरोप आला, ‘दत्ता, ये. हिचे काटे वेड्यासारखे करतायत.’

वेड्यासारखे म्हणजे काय, हॉर्न दाबला की समोरचे तिन्ही काटे एकदम नाचायचे. हे सोपं होतं, सगळ्यांची अर्थिंगची वायर एकच आणि ती मिठाने खाल्लेली. ती बदलली. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा दुप्पट दाखवत होता, त्याच्या मागचं बटण भलत्याच आकड्यावर होतं. इंजिन जरा वर बसवलेलं होतं, त्यामुळे वळताना पंखा हवा खायचा आणि बोट नुसती किंचाळायची. बोल्टांच्या एका भोकाने इंजिन खाली घेतलं, गप्प झाली. राहिला पेट्रोलचा काटा. टाकीकडून येणारी वायर थेट अर्थला टेकवली की तो फुलवर जायला हवा. हलला नाही. म्हणजे मीटरच मेलेलं. मी त्याच्या सगळ्या वायरी कापल्या, टोकांना टेप गुंडाळली आणि मीटर तसंच जागेवर ठेवलं. काढलं असतं तर त्या भोकातून पाणी आत आलं असतं. भाऊजींना म्हटलं, ‘पेट्रोल काठी बुडवून बघत जा.’

एवढं करूनही बोट दहाएक मिनिटं चालायची आणि मरायची. टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा. तो दर वेळी चपटा झालेला असायचा. टाकीचं झाकण सैल केलं की फुस्स आवाज यायचा आणि इंजिन पुन्हा चालू. मग कळलं, टाकीत हवा शिरत नाहीये. हवेची नळी बोटीच्या बाजूला बाहेर निघते. तिथे वाकून बघतो तर नळीच्या तोंडात मातीचा गुळगुळीत गोळा. कुंभारणीचं घर! कुंभारीण म्हणजे ती बारीक कंबरेची माशी, कोनाड्यात मातीचं घर बांधते ती.

मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि पाठीमागून ताई ओरडली.

‘हात लावू नको! घरात पोटुशी बाय आहे आनि तू कुंभारणीचं घर मोडतोस? मेल्या, बाप झालास तरी अक्कल नाय आली तुला.’

आमच्याकडे हे मानतात. घरात कुंभारणीने घर केलं तर पाळणा हलणार, आणि ते मोडायचं नसतं. ताईची सून रोहिणी तेव्हा सातव्या महिन्यात होती. त्याआधी दोनदा तिचा गर्भ पडलेला. तिचा नवरा, म्हणजे ताईचा मुलगा, जहाजावर, दूर देशात. ताई त्या पोरीला तळहातावरच्या फोडासारखी जपत होती. मी म्हटलं, ‘ताई, अगं टाकीला श्वास घ्यायला जागा नाही.’ ती म्हणाली, ‘झाकण ढिलं ठेव की. मोठा मिस्त्री ना तू?’ आता बहिणीशी कोण वाद घालणार? झाकण एक आटा सैल ठेवायचं, बाळंतपण झालं की मग नळी साफ करायची, असं ठरलं. मी मनात हसलो.

पुढे नवरात्राच्या आधी मी नवा हॉर्न बसवायला गेलो आणि मुक्काम केला. रात्रभर धो धो पाऊस. सकाळी चहा घेत होतो तर ताई आतून पांढरीफटक होऊन आली. रोहिणीच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या, आणि रक्तही दिसत होतं. भाऊजी जीप आणायला धावले आणि तसेच परत आले. रस्त्यात ओढ्यावरची मोरी रात्री वाहून गेली होती. पलीकडे जायचं तर खाडीतूनच.

बोटीत गादी घातली, रोहिणीला झोपवलं, ताईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. भाऊजी स्टिअरिंगला, मी त्यांच्या शेजारी. निघालो. खाडीला तांबडं पाणी, वरून पुराचा लोंढा आणि त्यात सुकती लागलेली, म्हणजे सगळं पाणी समुद्राकडे ओढणारं. रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या धक्क्याला लागलो तर रिक्षा, आणि रिक्षातून दवाखाना. इंजिन बंद पडलं तर मात्र पाणी आम्हाला धक्क्यावरून पुढे थेट भाट्याच्या तोंडाशी नेणार होतं. तिथे लाटा फुटत असतात. वल्ही होती, पण त्या ओढीपुढे वल्ही काय करणार.

अर्धी वाट झाली असेल. इंजिन खोकलं.

मी भाऊजींना विचारलं, ‘झाकण सैल आहे ना?’

त्यांनी मागे गादीकडे बघितलं. ‘अरे... मी घट्ट केलं. वासानं मळमळतं तिला.’

झाकण गादीच्या खाली होतं. रोहिणीच्या बरोबर पाठीखाली. मी उठलो, तिच्याकडे बघितलं आणि माझे पाय थांबले. तिने डोळे मिटून ताईचा हात घट्ट धरला होता आणि ‘मामा, हलवू नका, हलवू नका’ एवढंच म्हणत होती. इंजिन अजून दोनदा खोकलं. बोट मंदावली आणि तिचं तोंड आडवं फिरायला लागलं. मी मागे धावत जाऊन रबरी फुगा हातात घेतला. चपटा. दाबायलाच काही नाही.

आता जे लिहितो ते जसं झालं तसं लिहितो.

तो फुगा माझ्या मुठीत भरत गेला. मी दाबत नव्हतो. झोपलेल्या माणसाची छाती वर येते ना, तसा हळूहळू वर आला आणि माझी बोटं उघडली. इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला. मी वर बघितलं. समोर भाऊजी स्टिअरिंग धरून त्या मेलेल्या मीटरकडे बघत होते. पेट्रोलचा काटा शून्यावरून उठला होता. सावकाश, न थरथरता, तो फुलवर गेला आणि तिथेच थांबला.

‘दत्ता, हा जोडलास काय तू?’ भाऊजींनी विचारलं.

‘नाही,’ मी म्हटलं. 

झाकणाकडे हात नेला नाही. आमच्यात म्हणतात, चालत्या मशिनीला हात लावू नये. मी तिथेच बसलो, फुग्यावर नुसता तळवा ठेवून. खरं सांगू, भीती वाटली नाही. उगाच डोळे भरून आले. देवळात लहानपणी आई हात जोडायला लावायची तेव्हा मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. ताई मात्र यातलं काहीच बघत नव्हती. ती रोहिणीच्या कपाळावरून हात फिरवत ‘आलं हां बाय, आलं’ म्हणत होती.

धक्क्याला लागलो. दोर बांधला आणि इंजिन आपलं आपण बंद पडलं. कोळ्यांच्या चार माणसांनी गादीसकट रोहिणीला उचललं, रिक्षात घातलं. दुपारी मुलगी झाली. एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली होती, पण डॉक्टरीण बाई म्हणाल्या, वेळेत आणलंत.

संध्याकाळी मी बोटीकडे परत आलो. झाकण घट्ट होतं, मला उघडायला फडकं लागलं. काट्याच्या वायरींवर माझीच टेप, माझीच गाठ. काटा शून्यावर. मग बाजूला वाकून हवेची नळी बघितली. मातीच्या घराला ताजं गोल भोक पडलेलं आणि कडेला एक कुंभारीण पंख वाळवत बसलेली.

मला हायसं वाटलं. म्हटलं, आलं लक्षात. माशी बाहेर पडली, भोक झालं, हवा शिरली. काट्याचं बघू नंतर. एक बारीक तार घेतली, माशी उडायची वाट पाहिली आणि तार भोकात घातली. पेरभर आत गेली आणि थांबली. आत पक्की माती. आरपार नव्हतंच ते. दुसऱ्या दिवशी झाकण घट्ट लावलं, बोट धक्क्याला बांधून इंजिन चालू केलं. नेहमीसारखं दहाएक मिनिटांत मेलं. फुगा चपटा. पुन्हा केलं, पुन्हा मेलं. काटा कधीच हलला नाही.

नंतर चार मेकॅनिकना विचारलं. एक म्हणाला, झाकणाचा रबर कुठेतरी फाटका असेल. मग दुसऱ्या दिवशी का मेलं? दुसरा म्हणाला, हादऱ्याने काटा हलतो. हादऱ्याने हललेला काटा थरथरतो हो, आणि इतका वेळ एका जागी उभा राहत नाही. ताईला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘तुला कशाला पायजे कारण? पोर दिसते ना डोळ्यांसमोर.’ मला पाहिजे. म्हणून तर इथे लिहितोय.

मुलगी आता शाळेत जाते. बोट अजून भाऊजींकडेच आहे, सुट्टीत पर्यटक फिरवतात. टाकीला मी दुसऱ्या बाजूने नवीन भोक पाडून हवेची वेगळी नळी काढून दिली. भाऊजी दर वर्षी विचारतात, ‘अरे, ते घर रिकामं आहे आता. जुनीच नळी साफ कर की, तुझी ताई पण काय बोलायची नाय.’

मी म्हणतो, राहू दे.