एकाने जोडायचं, दुसऱ्याने तपासायचं

माझे दीर शहाणे की खुळे, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही. जुन्या गाडीत नवं इंजिन बसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, लांबलांबून लोक येतात. पण काम झालं म्हणून भाऊजी गाडी लगेच देत नाहीत. शटर ओढतात, गाडी आत एकटी ठेवतात आणि सकाळी गिऱ्हाइकाला सांगतात, "दादाने पास केली. घेऊन जा."

दादा म्हणजे माझा नवरा. ते गेले तेव्हा मुलगी माझ्या कडेवर होती, आता ती नोकरीला लागली आहे.

गिऱ्हाइकं हसतात. मला हसू येत नाही, कारण मी गॅरेजच्या वरच राहते. कधीकधी सकाळी सगळ्यांच्या आधी खाली जावं तर गाडीचं बॉनेट उघडं असतं. भाऊजीच विसरले असतील, असं मनाशी म्हणते, ते लावून टाकते आणि कोणाजवळ बोलत नाही.

दोघा भावांचा एक नियम होता. एकाने जोडायचं, दुसऱ्याने तपासायचं, स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही. "स्वतःचं काम म्हटलं की आपला तो बाब्या," असं हे म्हणायचे.

या धंद्यात इंजिन बसवणं एकवेळ सोपं, त्याला पेट्रोल पाजणं अवघड. जुन्या इंजिनाचा पंप इंजिनावरच असतो, इंजिन थांबलं की पेट्रोलही थांबतं. नव्याला पेट्रोल जोराने लागतं. त्यासाठी टाकीत विजेवरचा पंप बसवतात, तो जोर सोसतील असे पाइप घालतात, आणि इंजिन बंद पडलं तर पंपाची वीज तुटेल अशी सोय करतात. यांच्या गाडीत ती सोय नव्हती. पंपाची वायर थेट चावीला जोडलेली होती. गाडी कलंडली, पाइप फाटला, इंजिन गप्प झालं, आणि पंप आपला पेट्रोल ओतत राहिला. पुढचं मी सांगणार नाही.

गेल्या वर्षी मुलीने नेमकी त्याच मॉडेलची जुनी गाडी दारात आणून उभी केली. "काका, बाबांच्या गाडीत टाकलं होतं तसं हिच्यातही नवं इंजिन टाकून दे. मी चालवणार आहे."

मला वाटलं, भाऊजी कानांवर हात ठेवतील. त्यांनी मुकाट्याने कामाला हात घातला. नवी टाकी, नवे पाइप, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी नळी, आणि गाडीला धक्का बसताच पंपाची वीज तोडणारा स्विच. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणायचे आणि ताट गार होऊन जायचं.

गाडी तयार झाली. सकाळी मुलगी चावी मागायला गेली, तर म्हणाले, "दादाने पास केली नाही." दुसऱ्या सकाळी तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. मुलगी आधी हसली, मग चिडली, मग त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

"आई, काकाला मला गाडी द्यायचीच नाहीये. तसं सरळ सांग म्हणावं."

माझंही डोकं फिरलं. तरातरा खाली गेले.

"भाऊजी, काय नाटक लावलंय? गाडीत खोट आहे का काही?"

"खोट नाही, वहिनी."

"मग?"

"दादा येतो. गाडीपाशी उभा राहतो. पण वाकत नाही. बघतच नाही."

"का बघत नाहीत?"

भाऊजी फडक्याने हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"मीही बघितलं नव्हतं ना," ते म्हणाले. "ती वायर दादाने जोडली होती. तपासायची पाळी माझी. मला वाकायची लाज वाटली. ज्याने मला पाना धरायला शिकवलं, त्याच्या कामात मी काय चूक काढणार? उभ्या उभ्याच पास म्हणून टाकलं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "थोरल्याचा मान राखलात तुम्ही," मी म्हटलं, "आणि माझा संसार गेला." मी बाकावरचा टॉर्च उचलला. "बाजूला व्हा. आज मी तपासते."

पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. जन्मभर पेट्रोलचे कपडे धुतलेत, माझ्या नाकाला कोणी फसवू शकत नाही. एकेका जोडावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. सगळं कोरडं होतं. मग बाहेर येऊन इंजिन चालू करायला लावलं आणि त्या स्विचवर हातोडीच्या दांड्याचा ठोका मारायला सांगितला. पंपाचा आवाज तिथल्या तिथे तुटला.

आता एवढा एक शब्द बोलायचा होता. भाऊजी माझ्याकडे बघत होते. मुलगी जिन्यात येऊन उभी होती, आणि तो शब्द काही केल्या माझ्या तोंडातून निघेना. मी पास म्हटलं की ती जाणार, आणि काही झालं तर ते माझ्या पास म्हणण्यामुळे. मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

"आणखी एकदा मारा," मी म्हटलं.

भाऊजींनी इंजिन पुन्हा चालू केलं, ठोका मारला. पंप थांबला.

"आणखी एकदा."

"आई, झालं ना आता?" मुलीने विचारलं. "घेऊ चावी?"

मी टॉर्च बंद केला.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या बाबांनी अजून पास केली नाही."