लाल गाडीला लावलेलं खोबरेल

गेल्या दिवाळीत तुमची आई आजोबांना लाल मोटरसायकलवर मागे बसवून आंबोलीला घेऊन गेली, आणि तुम्ही दोघं संध्याकाळपर्यंत पायरीवर वाट बघत बसलात. "आजी, आजोबा पुढे का बसले नाहीत?" असं धाकट्याने मला तेव्हा विचारलं होतं. मी फराळाचं ताट पुढे करून विषय बदलला. आता नीट लिहिते.

ती गाडी तुमच्या आईने पुण्यात नोकरीला असताना जुनी विकत घेतली. शर्यतीच्या गाडीसारखी, पुढे वाकून चालवायची. पुढे परदेशी जाताना तिने चावी आजोबांच्या हातात दिली. "बाबा, विकू नका हं. मी येईन तेव्हा चालू पाहिजे."

आजोबा म्हणाले, "चालूच गावतली तुका."

नळयोजनेच्या पंपांवर तीस वर्षं काढलेला माणूस तो. यंत्राच्या बाबतीत शब्द दिला म्हणजे दिला. आपल्या घरापासून समुद्र इतका जवळ की खारं वारं कडीकोयंडेसुद्धा खातं. तरी गाडीवर गंज चढला नाही. दर रविवारी ते ती पुसत, चेनला तेल देत, चालू करत आणि जेटीपर्यंत एक फेरी मारून येत.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात कापू लागला. आधी कप बशीत वाजू लागला, म्हणून ते स्टीलच्या पेल्यातून चहा घेऊ लागले, तोही अर्धा. मग सही करणं बंद झालं. बँकेचे कागद मी लिहायचे. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. आईला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. फोनवर ती विचारायची, "बाबा, गाडी कशी आहे?" ते म्हणायचे, "बरी आसा." खरं तर ते पडवीतल्या गाडीकडे जायचेच बंद झाले होते. नट हातात धरला की निसटायचा, आणि खाली पडलेल्या नटाकडे ते कसे बघायचे ते मला बघवत नसे.

आता माझी चूक. आपल्याकडे मिरगाच्या पावसाआधी घरातल्या सगळ्या लोखंडाला खोबरेल लावतात. विळी, कोयता, शिवणयंत्र, कुलपं, बिजागऱ्या. माझी तर यादीच असते. गेल्या वर्षी यादी संपली आणि पडवी झाडताना ती गाडी दिसली. मनात म्हटलं, हिला तरी कोण बघणार? आजोबांच्या जुन्या बनियनचा तुकडा घेतला आणि दिसेल त्या लोखंडाला खोबरेल चोळलं. चाकांतल्या भोकाभोकांच्या चकचकीत थाळ्यांवर गंजाचे ठिपके होते, त्यांना तर दोन्ही बाजूंनी अगदी मन लावून. वर प्लॅस्टिक झाकलं. कुणाला काही बोलले नाही. त्या थाळ्या म्हणजे ब्रेकच्या डिस्क, हे मला ठाऊक नव्हतं.

गणपती गेले आणि आईचा फोन आला. दिवाळीला सगळे येतोय. "बाबा, आपण दोघं गाडीवरून आंबोलीला जाऊ." फोन ठेवून आजोबा झोपाळ्यावर येऊन बसले.

"तिका काय सांगू मी?" ते म्हणाले. "गाडी बंद, हात बंद."

"हात माझे, डोकं तुमचं," मी म्हटलं. "चला, उठा."

आठ सकाळी आम्ही पडवीत काढल्या. ते स्टुलावर, मी खाली पाटावर. प्लॅस्टिक काढलं तर आत सगळं दमट. "ह्या कोणी घातल्यान?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. "लोखंडाक पण घाम येता गो," एवढंच म्हणाले. बॅटरी चार्ज करायला पाठवली. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, ते मी विणायच्या सुईने काढलं. चेन रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने घासली. काढलेला प्रत्येक नट मी आप्पेपात्राच्या एकेका खळग्यात ठेवला आणि बाजूला क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्या.

"पेपर तपासतंस काय गो?" त्यांनी चिडवलं.

"तुमच्यासारखे विद्यार्थी असले की तपासायला लागतात."

कार्बोरेटरचं बारीक भोक वाळलेल्या पेट्रोलने बुजलं होतं. वायरमधली केसाएवढी एक तार काढून ते कसं मोकळं करायचं, हे त्यांनी मला हात न लावता, नुसतं बोलून शिकवलं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

आठव्या दिवशी गाडी चालू झाली. आजोबांनी डोळे मिटून आवाज ऐकला. "तो स्क्रू अर्धो फेरो उलटो फिरव. अजून जरा. हां, ऱ्हवंदे." डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा पंपहाऊसवरून घरी येणाऱ्या त्या जुन्या माणसाचा होता.

ब्रेक मात्र त्यांनी मला उघडू दिले नाहीत. "थंय चूक चलाची नाय. मेकॅनिकाक बोलवया."

कट्टा गावचा मेकॅनिक आला. हा माझा विद्यार्थी. आता दाढी पांढरी झाली आहे, पण मला अजून बाईच म्हणतो. त्याने गाडी काढली, अंगणात एक वळण घेतलं आणि ब्रेक दाबला. गाडी थांबलीच नाही. सरळ नारळाच्या सोललेल्या सोडणांच्या ढिगात घुसली. तो कपडे झटकत उठला, डिस्कवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि हसत सुटला.

"डिस्काक खोबरेल कोणी लायल्यान? विळयेक लायतत तसा!"

मी तोंड उघडणार इतक्यात आजोबा म्हणाले, "मीच लायलंय."

"काकानू, तुमी? अवो, पंपाचे डॉक्टर तुमी! आता वय झाला, सोडा ह्यो नाद."

आजोबा हसले आणि त्यांनी कापणारा हात दोन गुडघ्यांमध्ये दाबून धरला. मी गप्प राहिले. मुलांनो, ही दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी.

तो गेल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"तुजो विद्यार्थी तो. तुका हसलो असतो."

"आणि तुम्हांला हसला ते?"

"माका सवय आसा," ते म्हणाले आणि आप्पेपात्र उचलून आत घेऊन गेले. चिठ्ठ्या वाटेत सांडत होत्या.

मेकॅनिकने डिस्क धुतल्या, ब्रेकचे पॅड नवे घातले. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तो शेवटचं बघायला आला. तुम्ही दोघं तेव्हा वाळूत खेकड्यांच्या मागे होतात. तो तुमच्या आईला म्हणाला, "बापाशीक तेलाची बाटली दिव नको हां. तुज्या ब्रेकाक खोबरेल लायल्यान!"

ती हसली. मग हसू थांबलं आणि तिने आजोबांकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. बाबांना आता जमत नाही, असं ती मनात लिहून ठेवत होती.

मी उभी राहिले. "खोबरेल मी लावलं होतं. यांना माहीतही नव्हतं. आणि गाडी चालू आहे ती यांच्यामुळे. मी फक्त हात."

मेकॅनिक माझ्याकडे वळला. "बाई, तुमी? मगे त्या दिवशी गप कित्याक? मी असो गप ऱ्हवलंय असतंय तर तुमी माका बाकार उभो केला असतास!"

"म्हणून तर उभी आहे," मी म्हटलं.

मग आजोबांनी गुडघ्यांमधला हात काढला आणि आईसमोर धरला. "कापता. दीड वरीस झाला. चालवूक जमणा नाय माका."

तिने तो हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाली, "मागे बसायला कुठे हात लागतो, बाबा? पुढे मी आहे ना. इंजिन कसं वाजतंय ते तुम्ही मागून सांगा."

परत आल्यावर तुम्ही विचारलंत, भीती वाटली का? आजोबा म्हणाले, तिसऱ्या गिअरमध्ये जरा आवाज येतो, बघायला हवं. तेवढंच तुम्हांला कळलं.

तुम्ही गेल्यावर मी खोबरेलच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: "ब्रेकला लावू नये." आठवड्याने बघते तर खाली पेन्सिलीने आणखी एक ओळ. अक्षरं थरथरलेली, ओळ खाली घसरत गेलेली, पण वाचता येत होती: "बाईंनी विशेष लक्ष द्यावे." सही बंद झाल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच पेन्सिल धरली होती.