अक्काचा पेपर आणि शिवाजीनगरचा चौक

मिरजेहून निघालेली गाडी सकाळी बंगळुरात शिरली. सप्टेंबरातल्या गारठ्यात अक्का स्टेशनच्या फाटकाशी उभी होती, काखेत वही. लग्नानंतर बारा वर्षांनी माझी ही बहीण बी.एस्सी.ला बसली आणि गणितात नापास झाली. पुरवणी परीक्षा चार दिवसांवर आली होती. मी सांगलीला कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून तिनं मला बोलावून घेतलं होतं.

शिवाजीनगरच्या बसमध्येच तिनं वही उघडली.

"एकजण चौकातून उत्तरेला चालतोय, सेकंदाला दोन यार्ड. दुसरा सायकलवर पूर्वेला, सेकंदाला चार. पहिला चाळीस यार्डांवर असताना दुसरा तीसवर आहे. त्यांच्यातलं अंतर किती वेगानं वाढतंय? माझं उत्तर शून्य येतं रे! दोघं लांब जातायत आणि अंतर वाढतच नाही?"

घरी बिसिबेळे (भाज्या घातलेला डाळभात) पोटभर जेवून मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिनं वही मिटली.

"मला नाही जमायचं. पेपरला जातच नाही."

दाजींनी सायकल बाहेर काढली. "चला चौकात."

अक्काला कोपऱ्यावर उभं करून दाजी उत्तरेला चालू लागले. थोड्या वेळानं मी सायकलवरून पूर्वेला निघालो आणि थेट एका फुलवालीच्या टोपलीवर जाणार होतो.

"स्वल्प निधान, अण्णा!" (जरा हळू) ती ओरडली. मी पाय टेकले. आरडाओरडा ऐकून दाजीही थबकले.

तेवढ्यात कोपऱ्यावरून अक्काचा आवाज आला, "थांबलात, म्हणून शून्य! मीच थांबवलं तुम्हाला! वहीत आधीच आकडे घातले, अंतर पन्नासवर गोठलं. मग अवकलन शून्यच येणार!"

तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून तिनं आकड्यांऐवजी अक्षरं मांडली, अवकलन केलं आणि आकडे शेवटी घातले. चाळीस दुणे ऐंशी अधिक तीस चोक एकशेवीस, भागिले पन्नास.

"सेकंदाला चार यार्ड," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. दाजींनी फुलवालीकडून शेवंतीची वेणी घेतली आणि भर रस्त्यात तिच्या हातात दिली. अक्का लाजली.

पेपर झाल्यावर मी परतलो. दीड महिन्यानं तिचं कार्ड आलं: "पास झाले. शाळेत नोकरीही मिळाली."

'आकडे शेवटी घाला,' हे मी दहा वर्षं फळ्यासमोर उभा राहून सांगत आलो होतो. कोणाला ते का कळत नाही, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच मी वर्गाला बाकांवरून उठवलं आणि मैदानावर नेलं.